बिघाडाची कैफियत

साताऱ्यास मोती चौकातून राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाला लागून असलेल्या दहा फूट लांब व सात फूट रुंद अशा एका गाळ्यात माझ्या आयुष्याची चोपन्न वर्षे गेली, असे मी जेव्हा कोणास सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर आधी थोडी कणव आणि मागाहून, हा गृहस्थ आता जुन्या काळाचे गोडवे गाणार अशा समजुतीने आलेली एक सभ्य सहनशीलता उमटते. ती माझ्यावर खर्च करण्याचे कारण नाही. रेडिओदुरुस्ती हा माझा धंदा; आणि ज्याने जुन्या वस्तू पोटासाठी उघडून आतून पाहिल्या आहेत, त्याला त्यांच्याविषयी भाबडेपणा बाळगणे परवडत नाही.

१९७१ च्या जून महिन्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला अभ्यासक्रम पुरा करून मी या गाळ्यात दरमहा चाळीस रुपयांवर उमेदवार म्हणून रुजू झालो, तेव्हा गाळ्याचे मालक साठीच्या घरात होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. या धंद्यात पडण्यापूर्वी त्यांनी मामलेदार कचेरीत काही वर्षे कारकुनी केली होती, आणि कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नव्हती. दुरुस्तीस आलेल्या रेडिओला ते ‘मजकूर सेट’ म्हणत, तो घेऊन येणाऱ्याला ‘इसम’, आगाऊ घेतलेल्या पैशाला ‘बयाणा’, आणि सहा महिने ज्याच्याकडे कोणी फिरकले नाही त्या सेटला ‘बेवारस’. त्यांच्या लांबट, लाल कापडी बांधणीच्या नोंदवहीत चार रकाने असत : इसमाचे नाव व गाव, सेटचा मेक, परवान्याचा क्रमांक, आणि सर्वांत रुंद असा चौथा रकाना, ज्याच्या माथ्यावर त्यांनी मोडीचे वळण असलेल्या अक्षरात ‘कैफियत’ असे लिहिलेले असे.

या चौथ्या रकान्यात काय लिहावे याविषयी अण्णांचा शिरस्ता कडक होता. गिऱ्हाईक जे शब्द बोलेल तेच लिहावयाचे. आपल्या शहाणपणाची त्यात भर घालावयाची नाही. पहिल्याच आठवड्यात मी एका सेटपुढे ‘आउटपुट वॉल्व्ह गेला’ असे ऐटीत लिहिले, तेव्हा त्यांनी ती ओळ खोडली आणि दुकानाबाहेर पडलेल्या त्या म्हाताऱ्यास परत बोलावून पुन्हा विचारावयास मला लावले. म्हातारा कोरेगावकडचा होता. तो म्हणाला, “मास्तर, बातम्या धड लागत्यात, पर गानं लागलं की घसा धरतो.” ते वाक्य मी जसेच्या तसे लिहिले. सेट उघडल्यावर वॉल्व्ह उत्तम निघाला. त्याच्या आधीचा, कागदाच्या गुंडाळीचा बनवलेला कंडेन्सर पावसाळी हवेने ओल धरून गळू लागला होता, आणि त्यामुळे बिचाऱ्या वॉल्व्हवर नसता भार पडून मोठ्या सुरांना आवाज फाटत होता. बारा आण्यांचा माल. ‘वॉल्व्ह गेला’ या माझ्या निदानाने म्हाताऱ्याला पंधरा-वीस रुपयांस बुडवले असते आणि चार दिवसांनी नवा वॉल्व्हही त्याच घशाने बोलू लागला असता.

पुढे कितीतरी वर्षे त्या रकान्याने मला जे शिकवले ते संस्थेतल्या पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते. “काटा सांगलीवर अन् बोलतंय पुणं” असे कोणी सांगितले की डायलची दोरी घसरली हे सेट न उघडताच कळे. “तापला की गप हुतो, गार झाला की बोलतो” ही तक्रार सर्वांत अवघड, कारण असला सेट दुकानात येईपर्यंत गार होऊन शहाण्या मुलासारखा बोलू लागलेला असे. “टप्पल मारली की बोलतो” म्हणजे कुठेतरी झाळकाम कच्चे. परंतु टपला मारून मारून घरच्यांनी आणखी दोन ठिकाणचे झाळकाम कच्चे करून ठेवलेले असावयाचे, हेही त्यात गृहीत धरावे लागे. एक बाई म्हणाल्या, “थोरल्याच्या लग्नापासनं खरखरतोय.” अण्णांनी त्यांना एवढेच विचारले, “लग्नात मांडवात लावला होता काय?” लावला होता, आणि आठवडाभर आल्यागेल्या पोरांनी आवाजाचे बटण इतके पिळले होते की आतला काजळीचा पट्टा झिजून गेला होता. रेडिओ हा ऐकण्याचा जिन्नस खरा, पण त्याच्या दुरुस्तीत पहिले ऐकणे त्याच्या धन्याचे असते.

परवान्याचा रकाना आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगतो. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यान्वये घरात रेडिओ बाळगणे ही सरकारी परवानगीची बाब होती. टपाल कचेरीत दरसाल पंधरा रुपये भरून त्याची तिकिटे एका लहानशा पुस्तिकेत डकवून घ्यावी लागत, आणि ती पुस्तिका शिधापत्रिकेच्या व जमिनीच्या उताऱ्याच्या शेजारी, ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या घडीखाली जपून ठेवली जाई. ऐंशीच्या दशकात हा परवाना रद्द झाला त्याचे कोणास दुःख झाले नाही, मलाही नाही. पण ज्या वस्तूसाठी माणूस दरसाल कचेरीत जाऊन रांगेत उभा राहतो, ती वस्तू त्याच्या लेखी घरातल्या भिंतीवरच्या खुंटीएवढी बिनमोलाची राहत नाही, हेही तितकेच खरे.

जुन्या वस्तू टिकाऊ होत्या असे जे उठल्यासुटल्या म्हटले जाते, त्याविषयी मात्र मला माझी जबानी नोंदवावयाची आहे, कारण तो दावा माझ्या नोंदवह्यांशी रुजवात घालून पाहता टिकत नाही. वॉल्व्हचा रेडिओ हा विलक्षण नाजूक प्रकृतीचा प्राणी होता. ज्यांत ट्रान्सफॉर्मर नसे अशा स्वस्तातल्या सेटांमध्ये सगळ्या वॉल्व्हांचे तापणारे तंतू एकामागे एक, एकाच साखळीत जोडलेले असत. त्यांपैकी कोणत्याही एकाचा तंतू तुटला की उरलेले धडधाकट असूनही सारेच विझत, आणि कोण मेला व कोण नुसता सोबतीने गप्प बसला आहे हे एकेकाला उपसून मीटर लावून पाहावे लागे. शिवाय अशा सेटचा सांगाडा थेट विजेच्या तारेशी भिडलेला असे, त्यामुळे त्यात हात घालताना डावा हात पाठीमागे धरण्याची जी सवय अण्णांनी मला लावली, ती माझ्या अंगात इतकी मुरली आहे की आजही नळाची तोटी पिळताना माझा डावा हात पाठीशी जातो आणि घरातली मंडळी हसतात. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात मेण वितळणे, थंडीत उबेसाठी आत शिरलेली पाल, आणि बारमाही उंदीर : साताऱ्याच्या पावसाने आमचे घर चालवले असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. बहुतेक सेट वर्षाकाठी एकदा तरी दुकानाची पायरी चढत. जी वस्तू दरसाल मोडते तिला टिकाऊ म्हणावयाचे असेल तर शब्दाचा अर्थ बदलून घ्यावा लागेल.

ती टिकत नव्हती, टिकवली जात होती. आणि टिकवण्यामागे नीती होती असेही मला प्रामाणिकपणे म्हणवत नाही. त्या काळी तीन बँडांचा बऱ्यापैकी सेट घ्यावयाचा तर प्राथमिक शिक्षकाचे दीड-दोन महिन्यांचे वेतन लागे, आणि आमची मजुरी त्याच्या मानाने इतकी किरकोळ असे की नवा घेण्याचा विचार मनात येणे हीच चैन ठरली असती. माणसे विझत चाललेले सेल काढून अंगणात उन्हात ठेवीत, कारण उन्हाने तापलेला सेल आणखी एक-दोन रात्री रेडिओ बोलता ठेवतो. ‘आपली आवड’ अर्ध्यावर आली की आवाज पुन्हा बारीक होई, आणि मग साऱ्या घराने कान सेटला लावून बसावे. बुधवारी तर संध्याकाळी सातच्या आत सेट मिळावा म्हणून तगादा लागे, कारण आठ वाजता सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ असे, आणि लघुलहरींवर सिलोन धरणे हे नवख्या सेटपेक्षा आमच्या हातून नुकत्याच गेलेल्या सेटला अधिक चांगले साधते अशी एक समजूत गावात होती, जी खोडून काढण्याची आम्हांस घाई नव्हती. ही सगळी काटकसर मी जवळून पाहिली आहे. तो हिशेब होता. पुढे हिशेबाचे आकडे फिरले, तेव्हा तीच माणसे, तीच घरे, त्याच संस्कारांत वाढलेली मुले, एक दिवसही न घुटमळता दुसऱ्या बाजूला गेली. सद्गुण असता तर थोडी तरी ओढाताण दिसली असती.

आकडे फिरण्याची ती हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ट्रान्झिस्टरने वॉल्व्हाला घालवले, टेपरेकॉर्डरने आम्हांस रबरी पट्टे व गिऱ्हाइकांनी त्यांच्या जागी लावलेली भाजीच्या जुडीची रबरे दाखवली. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईस सुरू झालेले दूरदर्शन पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यास दिसू लागले, आणि आमच्याकडच्या हौशी मंडळींनी लोखंडी नळावर उंच अँटेना चढवून पडद्यावरच्या मुंग्यांतून चित्र ओळखण्याचा प्रयत्न आरंभला. १९८७ सालच्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाल्यानंतर शनिवारची रात्र ही माझ्या धंद्यातली कापणीची रात्र झाली; तेवढी माणसे, तेवढ्या काकुळतीने, माझ्या दारात पुन्हा कधी उभी राहिली नाहीत. १९९१ नंतर आयातीची दारे सैल झाली, आणि काही वर्षांत शंभर रुपयांचा एक चिमुकला रेडिओ रस्त्यावरच्या हातगाडीवर येऊन पडला. त्या रेडिओत काही वाईट होते असे नाही. तो बिघडला की त्याच्या दुरुस्तीला माझा एक तास लागे, आणि माझ्या एका तासाची किंमत त्याच्या अर्ध्या किमतीहून अधिक होती. प्रथमच असे घडले की गिऱ्हाइकाने बिघाड सांगण्यापूर्वी विचारले, “मास्तर, दुरुस्तीचे किती, अन् नवा किती?”

हा प्रश्न वाजवी आहे. मीही तो विचारला आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरचा मिक्सर कुरकुरू लागला, तेव्हा त्याचे कार्बन ब्रश झिजले आहेत हे मी स्वयंपाकघराच्या दारातूनच आवाजावरून सांगितले, पन्नास-साठ रुपयांचे काम आहे असेही सांगितले, आणि संध्याकाळी मुलाने नवा मिक्सर आणला तेव्हा निमूटपणे त्याच्या खोक्यावरची सूचना वाचीत बसलो. माझ्या खिशातला फोन हा चौथा. पहिला काळा, जाड, विजेरी असलेला नोकिया होता. त्याचे मागचे झाकण नखाने निघे, आणि बॅटरी फुगली की कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणून घालता येई. सध्याच्या फोनला झाकणच नाही. तो सरसाने चिकटवलेला आहे. उघडावयाचा तर आधी शेकावा लागतो, मग पातळ पट्टीने त्याच्या कडेला चीर पाडावी लागते, आणि त्यात काच तडकली तर जबाबदारी उघडणाऱ्याची. माझी सगळी हयात पेचकसावर गेली, आणि ज्या वस्तूला माझा दिवसातून शंभरदा हात लागतो तिच्या अंगावर मला पेच म्हणून दिसत नाही.

येथे माझी खरी फिर्याद सुरू होते. स्वस्ताईविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्या घरांत पूर्वी शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून बातम्या ऐकाव्या लागत त्या घरांत आज चार पडदे आहेत, याचा मला आनंद आहे. माझी तक्रार आहे ती त्या चौथ्या रकान्याविषयी. गेल्या दिवाळीच्या सुमारास एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपला तीन वर्षांचा टीव्ही मजकडे आणला. कंपनीच्या माणसाने तो न उघडता, मोबाईलवर काहीतरी पाहून, “बोर्ड बदलावा लागेल” असे सांगितले होते आणि बोर्डाची जी किंमत सांगितली ती नव्या टीव्हीच्या दोन-तृतीयांश होती. मी मुख्याध्यापकांस विचारले, “होते काय नेमके?” ते म्हणाले, “चालत नाही.” मी म्हटले, “गुरुजी, एकाएकी बंद पडला, की आधी काही दिवस चित्र काळवंडत होते? आवाज येतो का?” गुरुजी गप्प झाले. चाळीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिकांत एका ऱ्हस्व-दीर्घाची चूक न सोडणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या दिवाणखान्यातल्या वस्तूचा आजार पाहिला नव्हता. कारण तो पाहून कोणास सांगावयाचा आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. अंधारात पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा धरला तेव्हा आत चित्र हलताना अंधूक दिसले. मागच्या दिव्यांच्या पट्टीतला एक दिवा गेला होता. बोर्ड ठणठणीत होता. पट्टी मागवून बसवण्यास आठ दिवस लागले, आणि एकंदर खर्च बोर्डाच्या दशांशाइतकाही झाला नाही.

त्या पट्टीतही सगळे दिवे एकामागे एक, एकाच साखळीत जोडलेले असतात. एक गेला की सारी पट्टी विझते, धडधाकट असलेले सोबतीने गप्प बसतात. पन्नास वर्षांपूर्वी वॉल्व्हांच्या साखळीत जो मेलेला शोधावयास मी शिकलो, तोच मला टीव्हीच्या पाठीत, आणि हल्ली दर आठवड्याला येणाऱ्या एलईडी बल्बांच्या टोपीखाली, काळा ठिपका धारण करून भेटतो. विद्या कालबाह्य झाली असे जे मला अधूनमधून सांगितले जाते, त्यास माझ्यापाशी हे एवढे उत्तर आहे. गावातले छताचे पंखे आजही जेव्हा दुखणेकऱ्यासारखे हळू फिरतात, तेव्हा शंभरातल्या ऐंशी वेळा अडीच मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर बदलला की ते पळू लागतात. आणि तेवढ्यासाठी पंखा भंगारात घालणारी कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत.

समोरच्या बाजूला गेली सहा वर्षे एका तरुणाचे मोबाईलदुरुस्तीचे दुकान आहे. त्याचे काम मी कधी कधी स्टूल ओढून बसून पाहतो. सूक्ष्मदर्शकाखाली, गरम हवेच्या फुंकरीने, मोहरीच्या दाण्याहून लहान भाग तो ज्या स्थिर हाताने उचलतो, ते कौशल्य माझ्यात कधीही नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितलेही आहे. कारागीर नाहीसे होत चालले असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या दुकानात जाऊन उभे राहावे. त्याच्या नोंदवहीत, म्हणजे संगणकात, कैफियतीचा रकाना आहे का असे मी एकदा विचारले, तर तो हसून म्हणाला, “काका, गिऱ्हाईक ‘स्क्रीन गेली’ म्हणतं किंवा ‘चार्ज होत नाही’ म्हणतं. तिसरं काही कोणी म्हणत नाही.” दुसरी त्याची अडचण अधिक गंभीर : काही फोनांत अस्सल भाग बसवला तरी फोन त्याला ओळखत नाही आणि पडद्यावर ताकीद झळकवतो. वस्तू विकून झाल्यावरही विकणाऱ्याने तिच्या आत आपला चौकीदार बसवून ठेवावा, ही वहिवाट अण्णांना समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आली नाही, हे बरे.

सरकारदरबारी याची दखलच घेतली गेली नाही असे नाही. विजेच्या कचऱ्याविषयीचे नियम २०११ साली झाले आणि पुढच्या वर्षापासून अमलात आले. २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही उघडले, ज्यावर शेतीची अवजारे, फोन व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या कंपन्यांनी आपली माहिती ठेवावी अशी योजना आहे. चांगले आहे. माझ्या उमेदवारीच्या काळी पुष्कळशा सेटांच्या पाठच्या पुठ्ठ्यावर आतून, किंवा सोबतच्या पुस्तिकेत, संपूर्ण जोडणीचा नकाशा छापलेला असे, आणि त्यासाठी कोणास हक्क मागावा लागत नसे. विकणाऱ्याला आपली वस्तू मोडणार आहे हे कबूल होते, आणि ती कबुली तो वस्तूच्याच पाठीवर डकवून देत होता.

आता माझी दृष्टी मंद झाली आहे. येत्या दिवाळीनंतर गाळा भाड्याने द्यावयाचे ठरले आहे. कपड्यांवर छाप उठवून देणारा कोणी इसम तेथे येणार आहे. वरच्या फळीवर, अण्णांच्या वेळेपासूनचे धरून, सतरा बेवारस सेट आहेत. त्यांतले बारा मी या पावसाळ्यात बोलते केले. उरलेल्या पाचांना माल मिळाला नाही, पण सांगाडे शाबूत आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आहे, मात्र बऱ्याच चिठ्ठ्यांवरचे नाव-गाव झुरळांनी खाल्ले आहे आणि कैफियत तेवढी उरली आहे. ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी साताऱ्यास रेडिओ दुरुस्तीला टाकला होता आणि परत नेला नाही, त्यांनी दिवाळीपूर्वी सकाळी दहा ते एकच्या दरम्यान यावे. पावती नसली तरी चालेल, मजुरी घेणार नाही. सेटला काय होत होते, तेवढे सांगावे.